ईव्हीए फोम शीट: कॉस्प्लेच्या चिलखतासाठी कोणती घ्यावी, कशी वापरावी

कॉस्प्ले म्हणजे कॉमिक, सिनेमा किंवा जपानी कार्टूनमधल्या पात्राचा वेश घालून मेळाव्यात जायची हौस. त्याचं चिलखत बनवायला सांगली-मिरजेच्या बाजारात मिळणाऱ्या मालात काळ्या ईव्हीए शीटला तोड नाही. वजनाला हलकी, गरम केली की हवी तशी वळते, गार झाली की तो आकार धरून ठेवते, आणि अंगावर घालून खाली बसलं तरी मोडत नाही. पण दुकानात जाऊन नुसतं "ईव्हीए द्या" म्हटलं, तर दुकानदार हाताशी असेल ती गुंडाळी उलगडतो आणि ती बहुधा आपल्या कामाची नसते. येणारा प्रत्येक जण जाडी विचारतो. विचारायला हवी ती घनता. शीट निवडताना झालेली चूक पुढे कितीही मेहनत घेतली तरी भरून निघत नाही, म्हणून आधी तेच.

ईव्हीए म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट. पायातल्या हलक्या स्लिपरचा तळ, बुटाच्या आतला मऊ थर, बालवाडीत जमिनीवर जोडून बसवलेल्या रंगीत चटया, हे सगळं त्याचंच. गादीतल्या स्पंजची भोकं एकमेकांत उघडलेली असतात, ईव्हीएतले हवेचे कप्पे बंद असतात. त्यामुळे ही शीट पाणी पीत नाही आणि कापलेली कड स्पंजासारखी विरत नाही. आपल्या कामाचे बाकीचे सगळे गुण आणि अवगुण या बंद कप्प्यांतूनच येतात.

बाजारात ती तीन रूपांत भेटते. स्टेशनरीच्या दुकानातली रंगीत, २ मिमीची, ए-फोर आकाराची क्राफ्ट शीट ही पहिली. चिलखताच्या कडांवरची पट्टी, नक्षी, पदकं, कपाळपट्टीवरची खूण यासाठी ती छान. तिचं छातीचं कवच करू नका, ते बनियनसारखं अंगावर लोंबतं. दुसरी म्हणजे जोडून बसवायच्या चटया, १० ते १२ मिमी जाडीच्या. एका बाजूला खडबडीत नक्षी, आत माल विरळ. हीट गन (कडक गरम हवा मारायचं यंत्र) लागली की त्यांना फोड येतात आणि कडा आक्रसतात. तलवारीच्या पोटात भरायला किंवा खांद्याच्या आतून गादी म्हणून त्या चालतात, दर्शनी भागाला नाही. तिसरी, आणि आपल्याला हवी ती, चपला-बुटांचं कच्चं सामान विकणाऱ्यांकडे मिळणारी मोठी काळी शीट. सांगलीत मनासारखी मिळाली नाही तर कोल्हापूर फार लांब नाही, आणि चपलेच्या धंद्याच्या गावात हा माल ओळखणारी माणसं भेटतात. मात्र तिथेही सावध राहा. चपलेच्या तळाला वापरतात ती शीट इतकी कडक असते की ती वळायला तयार होत नाही आणि कटरची पाती खाऊन टाकते.

मग मधली ओळखायची कशी? ५ मिमीच्या शीटचा १ फूट बाय १ फूट तुकडा किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ४५ ग्रॅमच्या आसपास भरला तर घनमीटरला साधारण १०० किलो घनता झाली. चिलखताला हीच हवी. २० ते २५ ग्रॅम भरला तर माल विरळ, चटईच्या जातीचा. ८० ग्रॅमच्या वर गेला तर तो तळाचा माल, परत द्या. १० मिमीच्या शीटला हेच आकडे दुप्पट धरा. काटा नसेल तर नख रुतवून सोडा. खूण बघता बघता भरून आली पाहिजे. तशीच राहिली तर त्या चिलखतावर बसमध्ये टेकलेल्या प्रत्येक कोपराची खूण राहणार. एक कोपरा पूर्ण दुमडून सोडूनही बघा. घडीवर पांढरी रेघ किंवा बारीक भेग दिसली तर शीट जुनी आहे किंवा भेसळीची आहे.

किती घ्यावी? छाती आणि पाठ मिळून ०.४५ चौरस मीटर, दोन खांदे ०.१८, दोन्ही हातांची मनगट ते कोपर कवचं ०.१५, दोन्ही नडग्या ०.३६. बेरीज १.१४ येते. कापताना वाया जाणारा माल पाव भाग धरला तर मध्यम बांध्याच्या माणसाला ५ मिमीची दीड चौरस मीटर पुरते. रंग, गोंद, पट्टे सोडले तर त्या सगळ्या मालाचं वजन पाऊण किलोच्या आसपास. तेवढंच कवच फायबरचं केलं तर खांद्यावर कित्येक पट भार येतो आणि तासाभरात मान दुखायला लागते. १० मिमीची शीट अर्धा मीटर पुरे: खांद्याची उंच उठलेली कड, शिरस्त्राणाचा घुमट, हत्यारं.

इथे थोडं आपल्या गावाबद्दल बोलायला हवं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं, आणि तेव्हापासून मुकुट, गदा, बाहुभूषणं बनवणं हे इथल्या हातांचं काम आहे. पुठ्ठा, कागदाचा लगदा, बेगड, जिलेटिनचा कागद. ड्रेपरीवाल्यांकडे गॅदरिंगसाठी भाड्यानं मिळणारी गदा आजही बऱ्याचदा लगद्याचीच असते. ती रंगमंचासाठी बनते, पंधरा फुटांवरून बघण्यासाठी. कॉस्प्लेची गोष्ट वेगळी. मेळाव्यात लोक हातभर अंतरावर उभे राहून फोटो काढतात, वेश सहा-सात तास अंगावर राहतो, त्यात चालायचं, जिने चढायचे, खाली बसून वडापाव खायचा. पुठ्ठा तिथे घामानं मऊ पडतो, लगदा टवका उडून पांढरा दिसतो. थर्माकोलवर तर स्प्रेचा रंग मारताच तो विरघळून खड्डे पडतात, शिवाय २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली ती वेगळीच. म्हणून जुन्या ड्रेपरीतून माल घेऊ नका, पण तिथली नजर जरूर घ्या. लांबून बघताना कुठली रेघ ठळक लागते, सोनेरी रंगाखाली काळं का मारायचं, हे त्या माणसांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

आता माप. अंगात जुना टी-शर्ट घालून त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, वरून मास्किंग टेपचे दोन थर द्या आणि मार्करनं चिलखताच्या रेषा थेट अंगावर काढा. दोन तुकडे जिथे जुळतात तिथे रेषेला काटकोनात आडव्या खुणा करा, दर ५ सेंटीमीटरला एक. मग कुणाकडून तरी पाठीवरून कापून घ्या. या खुणा नसतील तर वळणदार कड सरळ कडेला जोडताना एका टोकाला दीड-दोन सेंटीमीटर उरतात, आणि तोवर गोंद लागलेला असतो. फक्त अर्ध्या छातीचा कागद बनवा आणि दुसरी बाजू तोच कागद उलटा ठेवून छापा. माणसाचं शरीर दोन्हीकडे सारखं नसतं, चिलखत मात्र सारखं दिसायला लागतं.

जाडीचा हिशेब बहुतेक जण विसरतात, आणि हातात न शिरणारी कवचं त्यामुळेच बनतात. शीट गोल वळवली की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. खरी लांबी मधल्या थराची. म्हणून गोल भागाच्या घेरात जाडीच्या ३.१४ पट वाढवायला लागतात. ५ मिमीला ते साधारण १६ मिमी होतात, १० मिमीला ३१ मिमी. हाताचा घेर २८ सेंटीमीटर असेल तर १० मिमीच्या शीटची पट्टी ३१ सेंटीमीटर हवी, त्यात बाहीच्या कपड्यासाठी आणखी एक-दीड सेंटीमीटर.

कापायला १८ मिमीचा मोडत जाणाऱ्या पात्याचा कटर घ्या आणि सोबत पात्यांचं पाकीट. फोम मऊ वाटतो, पण पात्याची धार तो फार लवकर मारतो. आठ-दहा लांब काप झाले की टोक मोडा. बोथट पातं फोम कापत नाही, ओढतं, आणि कडेला उंदरानं कुरतडल्यासारखे दात येतात. तसल्या कडेवर गोंद धरत नाही. काप एका दमात आरपार नेऊ नका. पहिला हात हलका, रेघ पाडण्यापुरता, दुसरा अर्ध्यापर्यंत, तिसरा आरपार. दोन तुकडे काटकोनात जोडायचे असतील तर दोन्ही कडा ४५ अंशांत तिरक्या कापा. त्यासाठी पातं वाकडं धरण्यापेक्षा शीट टेबलाच्या कडेला आणा आणि पट्टीला टेकवून काप घ्या, हात थरथरत नाही.

मग हीट गन. हेअर ड्रायरनं हे काम होत नाही, त्याची हवा पुरेशी तापत नाही. हार्डवेअरच्या दुकानात १५०० ते २००० वॅटची गन मिळते. ती खालच्या टप्प्यावर, ३०० अंशांच्या आसपास ठेवा आणि शीटपासून १० ते १५ सेंटीमीटरवर सतत फिरवत राहा. जवळून बघा. कच्च्या शीटचा पृष्ठभाग मळकट दिसतो, त्यावर पावाच्या तुकड्यासारखी बारीक छिद्रं असतात. गरम हवा फिरत जाते तसतशी त्यावर लाट सरकल्यासारखी हलकी चमक येते आणि छिद्रं मिटतात. चमक दिसली की पुढे सरका. तिथेच थांबलात तर दोन-तीन सेकंदांत फोड येतो, आणि फोड परत बसत नाही. एका चौरस फुटाला प्रत्येक बाजूनं अर्धं मिनिट पुरतं. दोन्ही बाजू करा, एकच बाजू तापवली तर शीट तिकडे वाकून राहते.

याच वेळी आकार द्यायचा. दोन्ही बाजू गरम असताना स्टीलच्या पातेल्यावर, कळशीवर किंवा गुडघ्यावर जाड कापड टाकून दाबून धरा आणि अर्धा मिनिट हलवू नका. घुमटासारखा फुगवटा हवा असेल तर टेबलाच्या गोल कोपऱ्यावर दोन्ही हातांनी ओढत दाबा. चिलखताच्या पत्र्यांमधल्या रेषा हव्या असतील तर तापवण्याआधी जाडीच्या अर्ध्यापर्यंत कटर मारून ठेवा. गरम हवा लागली की तो काप स्वतःहून इंग्रजी व्हीच्या आकारात उघडतो आणि त्या रेषेनं सपाट शीटला एकदम लोखंडाचा भास येतो. या एका गुणासाठी तरी ही शीट घ्यावी. दुसऱ्या कुठल्याही मालात हे इतकं सहज होत नाही. खिडकी उघडी ठेवा, फोम जळल्याचा वास आला तर गन फार जवळ गेली आहे.

सगळे आकार चिकटवण्याआधी द्यायचे. नंतर सांध्यावर गरम हवा मारली तर गोंद सैल पडतो आणि कडा हळूच उघडतात.

गोंदाच्या बाबतीत मत स्पष्ट आहे: चपला दुरुस्त करणारे ज्याला सोल्युशन म्हणतात तो रबरी गोंद, म्हणजे फेव्हिकॉल एसआर ९९८ च्या जातीचा, दुसरं काही नाही. पांढरा फेव्हिकॉल वाळायला त्यातलं पाणी बाहेर जावं लागतं. फोम पाणी पीत नाही, मग दोन तुकड्यांच्या मध्ये तो दिवसभर ओलाच राहतो आणि शेवटी पापुद्र्यासारखा सुटतो. ग्लू गननं काम पटकन होतं, पण सांध्यावर जाड कडक दोरी उठते, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं चिलखत संध्याकाळी बाहेर काढलं की सांधे उघडलेले. इन्स्टंट गोंद छोट्या नक्षीपुरता ठीक, मोठ्या सांध्यावर तो काचेसारखा कडक होतो आणि वाकताना कडकन सुटतो.

सोल्युशन लावायची रीत अशी. दोन्ही कडांना पातळ थर द्या. कापलेली कड पहिला थर गिळून टाकते, म्हणून तिथे दहा मिनिटांनी दुसरा. मग पंधरा मिनिटं वाट. बोटाची मागची बाजू टेकवून बघा: चिकट लागलं पाहिजे, पण बोट उचलताना धागा निघता कामा नये. धागा येतोय म्हणजे आत द्रावक शिल्लक आहे. तशातच जोडलं तर सांधा वरून धरल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी ओढला की च्युइंगमसारखा ताणतो. बहुतेक फसलेले सांधे या पंधरा मिनिटांच्या अधीरपणानं फसलेले असतात. वाळल्यावर मात्र कडा एकमेकींना टेकल्या की टेकल्या, मागे घेता येत नाहीत. म्हणून आधी दोन टोकांच्या खुणा जुळवा, मग मधली, मग उरलेलं बोटानं दाबत जा. पूर्ण ताकद यायला एक रात्र द्या.

हा गोंद ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ डोक्यात जाते. खिडक्या उघड्या, देवघरातली समई दूर, गॅस बंद, हीट गन त्या खोलीत नाही. शाळकरी मुलांनी हे काम एकट्यानं करू नये.

पावसाळ्यात याच टप्प्यावर गडबड होते, साताऱ्यात तर जास्तच. गोंदातलं द्रावक भराभर उडतं, त्यानं पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसते, गार पाण्याच्या तांब्यावर दव धरतं तशी. गोंदावर दुधट, मंद पांढरी झाक आली की समजावं पाणी बसलं. तसं जोडलं तर दोन थरांच्या मध्ये पाण्याचा पडदा राहतो आणि सांधा कुठूनही सुटतो. उपाय अवघड नाहीत. गोंद लावण्याआधी तुकडे घरातल्या कोरड्या, उबदार जागी तासभर ठेवा, म्हणजे फोम गार राहत नाही. पंखा थेट तुकड्यांवर लावू नका, तो पृष्ठभाग आणखी गार करतो. दुधट झाक आलीच तर घाई न करता ती पूर्ण उडू द्या, वरून आणखी एक पातळ थर द्या आणि पुन्हा वाट बघा. झोडपून पाऊस चालू असताना चिकटवणं टाळून कापायची कामं उरकून घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

सांध्यांच्या फटी बाथरूमच्या कोपऱ्याला लावतात त्या ॲक्रिलिक सीलंटनं भरा. ओल्या बोटानं सपाट करा, वाळला की त्यावर रंग बसतो. सिलिकॉनचा सीलंट घेऊ नका, त्यावर कुठलाच रंग धरत नाही. दोन्ही नळ्या दिसायला सारख्या असतात, लेबल वाचून घ्या.

रंगाआधीचं अस्तर हा या मालाचा सगळ्यात कमकुवत दुवा आहे आणि तिथे गुण कापावेच लागतात. नुसत्या फोमवर रंग मारला तर तो आत शिरतो, तीन हात मारूनही डाग दिसतात, आणि पहिल्यांदा वाकलात की जाळीसारख्या भेगा पडतात. स्वस्त उपाय म्हणजे पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्याचे चार हात. कोरड्या दिवसात दोन हातांमध्ये तासभर, पावसाळ्यात तीन-चार तास. न वाकणाऱ्या भागांना, म्हणजे शिरस्त्राण आणि खांद्यांना, तो झकास बसतो. पण तो पाण्याला टिकत नाही. काखेजवळ, गळ्याच्या कडेला घाम लागला की चिकट होतो आणि कपड्याला लागतो. छाती, कंबर, कोपर अशा वाकणाऱ्या जागांना रबरी कोटिंगचा स्प्रे घ्या, तीन-चार पातळ थर. महाग पडतो, पण रबर फोमबरोबर वाकतं. भिंतीचा ॲक्रिलिक प्रायमर कडक भागांवर चालतो, वाकणाऱ्या भागावर तडकतो. पैसे मोजकेच असतील तर सगळीकडे फेव्हिकॉल लावण्यापेक्षा फक्त छाती-कंबरेपुरता स्प्रे घ्या आणि बाकीचं फेव्हिकॉलवर भागवा.

त्यावर ॲक्रिलिक रंग. आधी सगळीकडे काळा. मग चंदेरी किंवा तांबूस सोनेरी रंग चपट्या ब्रशवर घेऊन जवळजवळ सगळा कागदावर पुसून टाका आणि उरलेला कोरडा ब्रश फक्त कडांवरून, उठावावरून फिरवा. शेवटी काळा-तपकिरी पातळ रंग रेषांमध्ये सोडून वरचा फडक्यानं पुसा. लोखंडी फाटकाचा ऑइल पेंट नको, तो वाळायला दिवस घेतो आणि वाकताना पापुद्रे सुटतात.

पट्ट्यांसाठी दप्तर दुरुस्त करणाऱ्याकडे जा, २५ मिमीची नायलॉनची पट्टी आणि प्लॅस्टिकची बकलं तिथे मिळतात. वेल्क्रो फोमवर थेट चिकटवला तर पाच-सहा वेळा उघडल्यावर फोमचा वरचा पापुद्रा घेऊनच निघतो. पट्टीचं टोक फोमच्या दोन थरांमध्ये सँडविचसारखं दाबून चिकटवा, किंवा शीटला फट पाडून पट्टी आतून ओढा आणि मागे ८ बाय ८ सेंटीमीटरचा तुकडा लावा. ओढ तेवढ्या जागेवर पसरते.

हत्यारं. पोटात सुतारानं तासलेली बांबूची चपटी पट्टी किंवा वायरिंगचा पीव्हीसी पाइप, दोन्ही बाजूंनी १० मिमी फोम, टोक गोल आणि मऊ. मोठ्या मेळाव्यांत दारावर हत्यारांची तपासणी होते आणि धातूचं पातं, टोकदार टोक आत जाऊ देत नाहीत. लांब तलवार दोन तुकड्यांत करा आणि पाइपच्या कपलरनं जोडा, म्हणजे एसटीत डोक्यावरच्या कप्प्यात बसते आणि वाहकाशी वाद होत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या तयार पोशाखाशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण पुरं होत नाही. झगा, हाओरी (जपानी सैल अंगरखा), हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा असा कापडाचा वेश असेल तर तयार घ्या किंवा शिंप्याकडून शिवून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. चिलखत मात्र तयार घेऊ नका. तयार मालात चिलखताचं चित्र कापडावर छापलेलं असतं किंवा पातळ स्पंजावर रेक्झिन ओढलेलं, आणि ते कुणाच्याच अंगाला नीट बसत नाही. शिवाय जगभरच्या ॲनिमेप्रेमींमध्ये, म्हणजे जपानी कार्टूनच्या चाहत्यांमध्ये, मान आहे तो हातानं बनवण्याला. १९३९ साली न्यूयॉर्कच्या सायन्स फिक्शन संमेलनाला फॉरेस्ट अकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातल्या पोशाखात गेले, ते पोशाख डग्लस यांनी स्वतः बनवले होते. सांगलीत 'सीता स्वयंवर' होऊन तेव्हा ९६ वर्षं झाली होती. कॉस्प्ले हा जपानी शब्द १९८३ चा, नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका ॲनिमे मासिकात वापरलेला. नागोया शहरात २००३ पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरतं, देशोदेशीच्या जोड्या तिथे उतरतात, आणि पोशाख स्पर्धकांनी स्वतः बनवलेला असावा लागतो. तिथे मंचावर दिसणाऱ्या चिलखतांचा मोठा भाग याच फोमचा असतो, ज्याची शीट आपल्याकडे चपलांच्या मालाबरोबर मिळते. सांगलीतल्या मुला-मुलींनी माल मिळत नाही म्हणून थांबायचं कारण उरलेलं नाही.

जपानी मेळाव्यांची एक शिस्त आपल्याकडेही उपयोगी आहे. कोमिकेट हा हौशी मांगाकारांचा, म्हणजे जपानी कॉमिक काढणाऱ्यांचा, मेळावा डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गट आणि सातएकशे लोकांवर सुरू झाला, आज तिथे लाखोंची गर्दी होते. तिथला नियम असा की वेश घालून घरून यायचं नाही, मेळाव्याच्या जागी कपडे बदलायचे आणि निघताना उतरवायचे. मुंबईच्या कॉमिक कॉनला रात्रीच्या गाडीनं जाताना हाच नियम पाळा. चिलखत अंगावर घालून आठ तास प्रवास केला तर आतला अंगरखा घामानं भिजतो आणि मेळाव्याच्या दारात पोचायच्या आधीच काखेचे सांधे सुटतात. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं, आणि न विचारता चिलखताला हात लावायचा नाही, ही रीतही जगभर सारखी आहे.

घालताना लक्षात ठेवायचं ते उष्णतेचं. पाणी आत न जाऊ देणारा फोम घामही बाहेर जाऊ देत नाही. आत बाह्यांचा सुती बनियन घाला, पाठीच्या आतल्या बाजूला १० मिमीच्या दोन उभ्या पट्ट्या चिकटवा म्हणजे पाठ आणि कवच यांच्यामध्ये बोटभर हवा खेळते. शिरस्त्राणाच्या मागे, केसांच्या टोपाखाली झाकली जातील अशी चार-पाच भोकं पाडा. एप्रिल-मे मध्ये दर पाऊण तासाला शिरस्त्राण उतरवून पाणी प्या.

ठेवायला पत्र्याखालचा माळा नको. मे महिन्यात तिथली उष्णता खांद्यांचा आकार सपाट करून टाकते. छातीचं कवच घडी न घालता जुन्या उशीवर चढवून कपाटात ठेवा, वर काही रचू नका, आणि ऊन लागेल असं खिडकीत टांगू नका. दाबला गेलेला भाग आतून हलक्या हीट गननं बराचसा परत येतो, पण रंगाची बाजू तापू देऊ नका. मेळाव्याला जाताना पिशवीत इन्स्टंट गोंदाची छोटी ट्यूब, सेफ्टी पिना, अर्धा मीटर इलॅस्टिक, एक जादा बकल आणि बाटलीच्या झाकणात बसेल एवढा तुमच्या चिलखताचा चंदेरी रंग ठेवा.